थुंकी निगेटिव्ह, एक्स-रे साफ, तरी टीबी? एचआयव्हीसोबत पेशींचं नेमकं काय होतं

पांझराकाठ

धडगाव-अक्कलकुवा भागातल्या आशाताई आणि समुपदेशकांच्या प्रशिक्षणासाठी टिपण करायचं आहे. "एचआयव्हीने प्रतिकारशक्ती कमी होते म्हणून टीबी होतो" हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या पुढे गेलं की गाडी अडते. सीडी४ (प्रतिकारशक्ती चालवणाऱ्या टी पेशींचा रक्तातला आकडा) साडेपाचशे असलेल्यालाही टीबी कसा होतो? ज्याचा सीडी४ सत्तर आहे त्याच्या थुंकीत जंतू का सापडत नाहीत? आणि एआरटी (एचआयव्हीची औषधं) सुरू झाल्यावर महिन्याभरात मानेच्या गाठी वाढल्या, तर गोळ्यांनी बिघडवलं असं लोक म्हणतात, त्यांना काय उत्तर द्यायचं? जाणकारांनी पेशींपासून सुरुवात करून सांगावं. सोपं करा, पण चुकीचं सोपं नको.

सूक्ष्मदर्शी

आधी एचआयव्ही बाजूला ठेवू, म्हणजे काय मोडतं ते नंतर कळेल.

टीबीचा जंतू श्वासावाटे फुफ्फुसाच्या वायुकोशात उतरतो. तिथे राखणीला असलेल्या मॅक्रोफेज पेशी त्याला गिळतात. गिळलेला जंतू फॅगोसोम नावाच्या पिशवीत बंद होतो, मग पाचक रसांनी भरलेली लायसोसोम ही दुसरी पिशवी तिला येऊन मिळते आणि आतला माल आम्लात विरघळतो. बहुतेक जंतूंचा निकाल इथेच लागतो. टीबीचा जंतू मात्र या दोन पिशव्या एक होऊच देत नाही. ज्या पेशीने खायला गिळलं, तिच्याच घरात तो भाडं न देता राहतो. वाढतो सावकाश, साधारण २० तासांना एकदा दुप्पट.

मग डेंड्रायटिक पेशी जंतूचे तुकडे घेऊन जवळच्या लसिका गाठीत जातात आणि तिथल्या सीडी४ टी पेशींना ते दाखवतात. ओळख पटलेल्या टी पेशींची फौज तयार होऊन फुफ्फुसात पोचायला आठवडे लागतात. लागण झाल्यावर ट्युबरक्युलिन चाचणी (कातडीत टोचून सूज मोजायची) पॉझिटिव्ह यायला २ ते ८ आठवडे लागतात ते यामुळेच.

या सीडी४ पेशी स्वतः जंतू मारत नाहीत. इंटरफेरॉन गॅमा आणि टीएनएफ हे इशारा देणारे रेणू सोडून त्या मॅक्रोफेजला जागं करतात, मग अडवलेल्या पिशव्या एक होतात आणि जंतू पचायला लागतो. उरलेल्या जंतूंभोवती पेशींचा गोळा जमतो, तोच ग्रॅन्युलोमा. आत जंतू असलेल्या मॅक्रोफेज, बाहेर लिम्फोसाइटचा (टी पेशी ज्या गटातल्या त्या पांढऱ्या पेशींचा) कडा. शेताला काट्यांची वई घालतात तसं समजा. वई रोज डागडुजी मागते आणि ते काम टीएनएफ-इंटरफेरॉनचं. पुरावा हवा असेल तर संधिवाताची टीएनएफ रोखणारी इंजेक्शनं बघा: ती सुरू करण्याआधी सुप्त टीबीची तपासणी करावी लागते, कारण एवढा एक रेणू अडवला तरी झोपलेला टीबी उठतो.

गिरणा_३७

वईची उपमा चालेल, पण एक दुरुस्ती. वई मेलेल्या काट्यांची असते. ग्रॅन्युलोमात पेशींची सतत ये-जा असते, आणि तोच गोळा मधून कुजून फुटला तर फुफ्फुसात पोकळी होते. म्हणजे राखण आणि नासधूस दोन्ही एकाच पेशींच्या हातून. हे आत्ताच लक्षात ठेवा, थुंकी निगेटिव्ह येण्याचं उत्तर इथेच दडलंय.

आता साडेपाचशेवाला प्रश्न. एचआयव्हीला पेशीत शिरायला दोन कड्या लागतात, एक सीडी४ आणि दुसरी बहुतेक वेळा सीसीआर५. ज्या टी पेशी नुकत्या जाग्या झाल्यात, काम करताहेत, त्यांच्यावर सीसीआर५ जास्त असतो आणि विषाणूची नक्कल तिथे जोरात होते. म्हणजे विषाणू सरसकट सगळ्या पेशी खात नाही, कामावरच्या आधी खातो. आतड्याच्या अस्तरातल्या सीडी४ पेशी तर पहिल्या काही आठवड्यांतच मोठ्या प्रमाणात जातात, रक्तातला आकडा तेव्हा बरा दिसत असला तरी.

त्यात टीबी ओळखणाऱ्या सीडी४ पेशींचं नशीब आणखी वाईट. त्या आयएल-२ (टी पेशींना वाढवणारा इशारा-रेणू) भरपूर बनवतात, आणि सीसीआर५ झाकून ठेवणारा एमआयपी-१ बीटा हा रेणू कमी बनवतात. सायटोमेगॅलो विषाणू ओळखणाऱ्या पेशी तो जास्त बनवतात, म्हणून जास्त काळ टिकतात. परिणाम असा, की एकूण सीडी४ साडेपाचशे असला तरी त्यातल्या टीबीच्या पहारेकऱ्यांची जागा रिकामी झालेली असू शकते. एचआयव्ही झाल्याच्या पहिल्या वर्षातच टीबीचा धोका साधारण दुप्पट होतो, हे दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीतल्या कामगारांमध्ये दिसलं आहे. तेव्हा सीडी४ फारसा पडलेलाही नसतो.

म्हणून "सीडी४ चांगला आहे, टीबीचं विचारायची गरज नाही" हे वाक्य प्रशिक्षणातून काढून टाका. प्रत्येक भेटीत चार प्रश्न: खोकला (कितीही दिवसांचा), ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम. दोन आठवड्यांच्या खोकल्याची अट एचआयव्ही नसलेल्यांसाठी. इथे कालपासूनचा खोकलाही धरायचा.

केळीचं_पान

भो, एक शंका. सीडी४ गेल्या तरी सीडी८ असतातच ना? मारेकरी पेशी त्याच म्हणतात. त्यांनी का नाही सांभाळायचं?

सूक्ष्मदर्शी

चांगला प्रश्न. सीडी८ पेशी पर्फोरिन, ग्रॅन्झाइम, ग्रॅन्युलायसिन वापरून जंतूवाली पेशी मारतात, खरं आहे. पण त्यांना टिकून राहायला आयएल-२ आणि आयएल-२१ लागतं, आणि ते सीडी४ पेशी पुरवतात. एचआयव्हीत सीडी८ संख्येने वाढतात (सीडी४ आणि सीडी८ यांचं गुणोत्तर उलटं होतं ते म्हणूनच), पण सतत उद्दीपनामुळे त्यांच्यावर पीडी-१ सारख्या थकव्याच्या खुणा येतात. मजूर वाढले, मुकादम नाही.

मॅक्रोफेजही सुटत नाहीत. त्यांच्यातही एचआयव्ही शिरतो, आणि सीडी४ पेशी लवकर मरते तशी मॅक्रोफेज मरत नाही. विषाणू आत बाळगून ती दीर्घकाळ जगते. टीबीचा जंतू आत असताना चांगल्या मॅक्रोफेजने वेळेवर शांतपणे आत्मनाश करायचा असतो, म्हणजे जंतूचा आसरा जातो. एचआयव्ही असलेल्यांच्या फुफ्फुसातल्या मॅक्रोफेजमध्ये टीएनएफच्या इशाऱ्याने होणारा हा आत्मनाश कमी होतो.

आणखी एक, जे पुष्कळ पुस्तकांत अजून जुन्या पद्धतीने छापलेलं असतं: सीडी४ पेशी मरतात त्या सगळ्या विषाणूने भरून फुटतात असं नाही. लसिका गाठीत मरणाऱ्या बहुसंख्य पेशींमध्ये विषाणूचं काम अर्धवटच अडकलेलं असतं. पेशीला आत परका डीएनए जाणवतो आणि ती पायरोप्टोसिस पद्धतीने मरते, म्हणजे फुगून, फुटून, आजूबाजूला दाह पेटवत. त्या दाहाने नव्या सीडी४ पेशी तिथे ओढल्या जातात आणि त्याही त्याच वाटेने जातात.

केळीचं_पान

आते समजनं. म्हणजे आग विझवायला येणारेच जळण होतात.

गिरणा_३७

हो, आणि त्यात टीबी तेल ओततो. एचआयव्हीच्या जनुकाच्या टोकाला एलटीआर नावाचा तुकडा असतो, विषाणूच्या नकला चालू करायचं बटण. त्यावर एनएफ-कप्पा-बी या पेशीतल्याच प्रथिनाला बसायला जागा असते. टीबीमुळे टीएनएफ वाढला, की एनएफ-कप्पा-बी जागं होतं आणि जाऊन त्या बटणावर बसतं. टीबीशी लढण्याचा इशारा आणि एचआयव्ही वाढवण्याचा इशारा एकच. टीबी झाला की व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) चढतो, सीडी४ आणखी उतरतो. दोन्ही आजार एकमेकांना असे ओढतात.

एचआयव्ही नसलेल्या सुप्त टीबीवाल्याला आयुष्यभरात आजार होण्याची शक्यता ५ ते १० टक्के धरतात. उपचार न घेणाऱ्या एचआयव्हीबाधितात जवळपास तेवढी शक्यता दर वर्षाला असते.

तापीकाठचा

सीडी४ च्या आकड्यावर थोडं, कारण रिपोर्ट हातात घेऊन भांडणारे बरेच.

टीबी असताना सीडी४ कमी येतो तो सगळा एचआयव्हीचा दोष नसतो. नुसत्या टीबीतही, एचआयव्ही नसलेल्यात, सीडी४ खाली येतो आणि उपचारांनी वर जातो. दुसरं, एका घन मिलिमीटरमागचा आकडा हा गुणाकार असतो. एकूण पांढऱ्या पेशी ४०००, त्यात लिम्फोसाइट २० टक्के, म्हणजे ८००. त्यात सीडी४ १८ टक्के, म्हणजे १४४. तीन महिन्यांनी पांढऱ्या पेशी ७०००, लिम्फोसाइट ३० टक्के, म्हणजे २१००, आणि सीडी४ तेच १८ टक्के, तर आकडा ३७८. टक्का हललाच नाही, पण घरच्यांना वाटतं दुपटीहून जास्त सुधारणा झाली. उलटही होतं, आणि मग विनाकारण रडारड. टक्का जास्त स्थिर असतो. ५ वर्षांखालच्या मुलांत म्हणूनच टक्का पाहतात. शिवाय सीडी४ दिवसाच्या वेळेनुसार हलतो, सकाळी कमी, संध्याकाळी जास्त. तुलना करायची तर रक्त दर वेळी साधारण एकाच वेळी काढा.

उपचार लागू पडतोय का हे ठरवायला व्हायरल लोड. सीडी४ सांगतो धोका किती खोल आहे.

सूक्ष्मदर्शी

आता थुंकी.

पोकळी होते ती मॅक्रोफेज आणि टी पेशींच्या दाहामुळे. दाहात सुटणारी एमएमपी नावाची विकरं फुफ्फुसाचं कोलॅजन कापतात, मधला गाभा द्रवतो, श्वासनलिकेत फुटतो आणि जंतूंनी भरलेला माल खोकल्यातून बाहेर येतो. सीडी४ २०० च्या खाली गेला की ही कापाकापी करणारे हातच कमी. ग्रॅन्युलोमा सैल बनतो किंवा बनतच नाही, पोकळी पडत नाही. जंतू मात्र शरीरात भरपूर असतात, ते रक्तातून यकृत, प्लीहा, लसिका गाठी, मेंदूचं आवरण, मूत्रपिंड असे पसरतात. बाहेर यायची वाट बंद, आत मोकळं रान. एक्स-रेवर वरच्या भागात पोकळी दिसण्याऐवजी खालच्या भागात छाया, छातीतल्या गाठी, फुफ्फुसाबाहेर पाणी किंवा बाजरीच्या दाण्यांसारखे बारीक ठिपके दिसतात, कधी अगदी सामान्य चित्रही. साफ एक्स-रे बघून सुटकेचा श्वास टाकू नका. फुफ्फुस गप्प आहे कारण आरडाओरडा करणाऱ्या पेशी नाहीत.

सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलिलिटर थुंकीत साधारण ५ ते १० हजार जंतू लागतात. सीबीनॅटला (जंतूचा डीएनए शोधणारी यंत्रावरची चाचणी; ट्रूनॅट तशीच) साधारण १३१ पुरतात, त्याच्या अल्ट्रा प्रकाराला सुमारे १६. म्हणून एचआयव्हीबाधितात टीबीचा संशय आला की पहिली तपासणी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट, नुसती स्लाइड नाही. रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला प्रतिरोध आहे का तेही त्यातून कळतं. सीबीनॅटची आतली प्रक्रिया साधारण दोन तासांची.

पण यंत्र कितीही चांगलं असलं तरी डबीत लाळ असेल तर काय उपयोग? साध्या पाण्याने चूळ, दोन-तीन खोल श्वास, मग पोटातून खोकला. २ ते ५ मिलिलिटर, घट्ट, पिवळसर किंवा पांढुरकी. सकाळी उठल्याउठल्याची सर्वांत चांगली. उघड्यावर किंवा हवेशीर जागी काढायला सांगा, खोलीत नको.

तापीकाठचा

थुंकी येतच नसेल आणि पेशंट खंगलेला असेल तर लघवीतल्या लॅमची पट्टी विसरू नका. लॅम म्हणजे लायपोअरॅबिनोमॅनन, जंतूच्या भिंतीतली साखरेची साखळी. पट्टीवर ६० मायक्रोलिटर लघवी टाकायची, २५ मिनिटांनी वाचायची. गंमत म्हणजे ही चाचणी जितका सीडी४ कमी तितकी जास्त उपयोगी, विशेषतः १०० च्या खाली, कारण तेव्हाच जंतू रक्तातून मूत्रपिंडापर्यंत पोचलेले असतात. निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाही असं मात्र म्हणता येत नाही, आणि औषधप्रतिरोध ती सांगत नाही.

ट्युबरक्युलिनचंही तेच गणित उलट बाजूने. ०.१ मिलिलिटर कातडीत, ४८ ते ७२ तासांनी घट्टपणा मोजायचा (लाली नाही). इतरांत १० मिलिमीटरला पॉझिटिव्ह, एचआयव्हीत ५ लाच, कारण ती सूज टी पेशींनीच आणायची असते. टी पेशी नसतील तर शून्य येईल. इग्रा या रक्ताच्या चाचणीत अशा वेळी "अनिर्णित" येतं. तिथे टी पेशींनी इंटरफेरॉन सोडायचं असतं आणि नियंत्रण नळीतही तो उमटत नाही. लॅबची चूक समजून तीनदा पैसे भरू नका.

सातपुड्याची_सावली

नंदुरबारसाठी एक जोड. आपल्याकडे सिकलसेल पुष्कळ आहे. खाजगीत अजूनही ईएसआर (तांबड्या पेशी नळीत तळाला बसण्याचा वेग) वाढला का बघून टीबीचा अंदाज बांधतात. सिकलसेल आजारात वाकड्या तांबड्या पेशींची एकावर एक चळत लागत नाही, त्यामुळे ईएसआर खोटा कमी येतो. त्यात हिमोग्लोबिन ९ च्या खाली असेल तर एआरटीत झिडोव्हुडिन टाळतात. टिपणात हा परिच्छेद हवाच, पुण्या-मुंबईच्या पुस्तिकेत तो सापडणार नाही.

गिरणा_३७

तिसरा प्रश्न, गाठी वाढण्याचा. नाव आयरिस, म्हणजे प्रतिकारशक्ती परतताना उसळणारा दाह.

एआरटी सुरू झाली की पहिल्या काही आठवड्यांत रक्तात सीडी४ वाढतात त्या मुख्यतः नव्या जन्मलेल्या नसतात. लसिका गाठींत अडकून पडलेल्या स्मृती पेशी बाहेर येतात. नव्या कोऱ्या पेशी थायमसमधून (टी पेशी तयार करणाऱ्या छातीतल्या ग्रंथीतून) यायला महिने लागतात. या परतलेल्या पेशींना समोर टीबीच्या प्रतिजनांचा (ओळख पटवणाऱ्या तुकड्यांचा) ढीग दिसतो. मॅक्रोफेज आधीच जंतूंनी ठासून भरलेल्या, फक्त हुकमाची वाट बघत. हुकूम मिळाला की टीएनएफ, आयएल-६ धडाधड सुटतात. ताप, गाठी फुगणं, पाणी वाढणं. बहुतेक वेळा एआरटीनंतर २ ते ४ आठवड्यांत, आणि ३ महिन्यांच्या आत. सुरुवातीचा सीडी४ ५० ते १०० च्या खाली, विषाणू भरपूर आणि टीबीची औषधं सुरू करून थोडेच दिवस झालेले, अशांत जास्त.

"आयरिस आहे" म्हणून मोकळं व्हायच्या आधी तीन गोष्टी तपासायच्या. गोळ्या खरंच पोटात जाताहेत का? रिफाम्पिसिन प्रतिरोधी टीबी तर नाही? दुसरा एखादा संसर्ग? हे झाल्यावरच. गाठ मऊ झाली तर सुईने पस काढतात, चीर देऊन उघडलं तर नासूर राहतो. एआरटी बंद करायची नाही, जीवावर बेतलं तरच डॉक्टर तो निर्णय घेतील. स्टेरॉइड लागलं तर अभ्यासलेली मात्रा प्रेडनिसोलोन वजनाच्या किलोमागे १.५ मिलिग्रॅम दोन आठवडे, मग ०.७५ दोन आठवडे. सीडी४ १०० किंवा कमी असलेल्यांत एआरटीसोबतच ४० मिलिग्रॅम दोन आठवडे आणि २० मिलिग्रॅम दोन आठवडे प्रतिबंधक म्हणून दिल्याने आयरिस कमी होतो हेही दिसलं आहे. पण रिफाम्पिसिन प्रतिरोध किंवा कापोसी सार्कोमा (एचआयव्हीत दिसणारा एक कर्करोग) असेल तर नाही. हे आकडे समजण्यासाठी आहेत, औषधाच्या दुकानात दाखवण्यासाठी नाहीत.

केळीचं_पान

मग आधी टीबी पूर्ण बरा करून एआरटी सुरू केली तर आयरिस टळेल ना?

गिरणा_३७

आयरिस टळेल, पण माणूस वाचेल का? सीडी४ इतका खाली असताना सहा महिने वाट बघणं म्हणजे मृत्यूचा धोका वाढवणं. आधी टीबीची औषधं, मग त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत एआरटी, सीडी४ कितीही असो, असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ चं मार्गदर्शन आहे. अपवाद मेंदूच्या आवरणाच्या टीबीचा. तिथे ४ ते ८ आठवडे थांबतात, कारण कवटीत सूज यायला जागाच नाही. सोबत को-ट्रायमॉक्साझोल (इतर संसर्ग टाळणारी गोळी) रोज, टीबी-एचआयव्ही दोन्ही असलेल्या प्रत्येकाला.

शिरपूर_फार्मा

गोळ्यांची गफलत इथे होते. रिफाम्पिसिन यकृतातली विकरं इतकी वाढवतं की डोल्युटेग्रॅव्हिर हे एचआयव्हीचं औषध रक्तातून लवकर उडून जातं. म्हणून टीएलडीची एक गोळी (टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्हुडिन ३००, डोल्युटेग्रॅव्हिर ५०) आणि १२ तासांनी डोल्युटेग्रॅव्हिर ५० ची वेगळी गोळी. टीबीची शेवटची गोळी झाली त्याच दिवशी ही दुसरी गोळी थांबवायची नाही. विकरं खाली यायला वेळ लागतो, आणखी दोन आठवडे चालू ठेवायची. हे हमखास चुकतं.

पित्तावर घेतात ती अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमची पांढरी पातळ औषधं डोल्युटेग्रॅव्हिर धरून ठेवतात. डोल्युटेग्रॅव्हिर त्याच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. लोह-कॅल्शियमची गोळी जेवणासोबत एकत्र घेतली तर चालते, उपाशीपोटी नाही. रिफाम्पिसिनने गर्भनिरोधक गोळ्याही कमी पडतात, बायांना हे कुणी सांगत नाही. लघवी नारिंगी होणार हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर रक्त पडतंय म्हणून गोळ्या सोडतात. भूक मेली, उलट्या, डोळे पिवळे झाले, तर पुढची गोळी घेण्याआधी दवाखाना. मोहाची दारू चालू असेल तर आणखी जपून.

पांझराकाठ

बठ्ठं लिहून घेतलं. शेवटची अडचण नमुन्याची आणि स्थलांतराची. धडगावहून नमुना खाली येईपर्यंत उन्हाळ्यात काय होतं? आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्यांचं काय?

तापीकाठचा

सीडी४ ची जांभळ्या टोपणाची नळी खोलीच्या तापमानाला, १८ ते २५ अंश. इथे मे महिन्यात पारा ४४ ला जातो, म्हणून थंडाव्याची पेटी लागते. पण नळी बर्फाला थेट टेकली तर पेशी फुटतात, म्हणून बर्फाचा पॅक कागदात-फडक्यात गुंडाळून मधे अंतर ठेवायचं. शक्यतो ४८ तासांत यंत्रावर. भरल्यावर नळी ८-१० वेळा हलक्या हाताने उलटीपालटी करायची, झटकायची नाही. गुठळी झाली तर नमुना बाद. थुंकीचं उलट आहे, ती २ ते ८ अंशांत, म्हणून दोघांना एका डब्यात एकत्र कोंबू नका.

ऊसतोडीला निघण्याआधी दोन कामं. निक्षय (टीबी रुग्णांची सरकारी नोंदणी) क्रमांक कागदावर लिहून द्यायचा आणि तिकडच्या आरोग्य केंद्रात उपचाराची बदली नोंदवायची. एआरटीचं हिरवं पुस्तक बरोबर, आणि प्रकृती स्थिर असेल तर जास्त महिन्यांच्या गोळ्या मागायच्या. निक्षय पोषणाचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये आहेत, आधी ५०० होते. बँक खातं आधारला जोडलेलं नसेल तर ते अडकतात, हे निघण्याआधी बघा. टीबीची मोफत हेल्पलाइन १८००-११-६६६६, एचआयव्हीची १०९७. गावात कुणासमोर पुस्तक उघडू नका; २०१७ च्या कायद्याने संमतीशिवाय एचआयव्हीची स्थिती सांगता येत नाही, मुकादमालाही नाही.